बुलगूर आणि तब्बूले: बेका खोऱ्यातल्या प्रकल्प नोंदी

१७ जून २०२३, झाहले

पुढे फाटे फुटतातच, म्हणून प्रकल्पाचा उद्देश पहिल्या पानावरच लिहून ठेवते. सांगलीकडचा एक शेतकरी गट खपली गहू पिकवतो. सध्या ती खपली खिरीसाठी सडून (कांडून साल काढून), रवा काढून किंवा पीठ करून विकली जाते. गटाला आता तिचा बुलगूर करायचा आहे. इथली, म्हणजे लेबनॉनमधली, पद्धत बघायची, स्वतः करायची आणि मराठीत लिहून द्यायची, एवढं माझं काम. सोबत साल काढलेल्या खपलीची एक पिशवी आणली आहे. ती सप्टेंबरात उघडेन.

आपल्याकडे लापशी रव्याच्या पाकिटावर सर्रास ‘बुलगूर’ छापतात. दोन्ही भरडलेला गहूच, दिसायलाही सारखे. पण लापशी रवा कच्च्या गव्हाचा असतो, तो शिजवावाच लागतो. बुलगूरचा गहू आधी उकडतात, उन्हात कडकडीत वाळवतात आणि मग भरडतात. कोकणातल्या माणसाला उकडा तांदूळ म्हटलं की पुढचं सांगावं लागत नाही. उकडताना दाण्यातला स्टार्च फुगून शिजतो, कोंड्याजवळची काही जीवनसत्त्वं आत सरकतात, आणि वाळल्यावर दाणा इतका टणक होतो की कीड सहजासहजी लागत नाही.

मग बुलगूर खरा की नुसता नावाचा, हे ओळखायचं कसं? पुलाव केला तर लापशी रवाही त्यात शिजून जातो, काही कळत नाही. म्हणून कसोटीला तब्बूले हे इथलं कच्च्या पाल्याचं सॅलड घेतलं आहे. पार्सली, पुदिना, टोमॅटो, पातीचा कांदा, लिंबू, ऑलिव्हचं तेल आणि मूठभर बारीक बुलगूर. चूल पेटतच नाही. या घरात तर बुलगूर पाण्यातही भिजवत नाहीत, टोमॅटो-लिंबाच्या रसावरच तो मऊ व्हायला हवा म्हणतात. यात कच्चा गहू लगेच दाताखाली सापडणार.

मुक्काम बेका खोऱ्यात. पश्चिमेला लेबनॉन पर्वत, पूर्वेला त्याला समांतर दुसरी रांग, मधून लितानी नदी. उंची साधारण ९०० ते १००० मीटर. पाऊस आणि बर्फ हिवाळ्यात, आणि उन्हाळाभर आभाळ कोरडं ठणठणीत. गहू वाळवणाऱ्याला आणखी काय हवं! घराच्या मालकीणबाई सत्तरीच्या आहेत. घरात सगळे त्यांना तेता म्हणतात, म्हणजे आजी, म्हणून मीही तेताच म्हणते. सूनबाई शाळेत फ्रेंच शिकवतात. माझं मोडकं अरबी संपलं की त्याच मदतीला येतात.

१९ जून

किराणा दुकानात बुलगूर उघड्या पोत्यांत. दुकानदार दोन गोष्टी विचारतो: बारीक की जाड, पांढरा की तपकिरी. बारीक, म्हणजे ‘नाएम’, तब्बूले आणि किब्बेसाठी (बुलगूर आणि खिम्याचा पदार्थ). जाड, म्हणजे ‘खिशिन’, शिजवून खायला. आम्ही बारीक तपकिरी घेतला.

दरांच्या पाट्या डॉलरमध्ये. १९९७ पासून १,५०७ लिऱ्यांवर बांधून ठेवलेला डॉलर या फेब्रुवारीत सरकारनेच १५,००० वर नेला. बाजारात तो ९०,००० च्या घरात आहे. सुटे म्हणून नोटांची गड्डीच हातात पडते. मटण आवाक्याबाहेर गेल्यापासून मुजद्दरा, म्हणजे मसूर घालून शिजवलेला बुलगूर, घरोघरी जास्त होतो, असं दुकानदार बुलगूर तोलता तोलता म्हणाला.

संध्याकाळी दोन पेले मांडले. एकात इथला बारीक बुलगूर, दुसऱ्यात सांगलीहून आणलेल्या पाकिटातला बारीक लापशी रवा, दोन्हींवर गार पाणी. अर्ध्या तासात बुलगूर फुगून वर आला, बोटांत चुरडला तर मऊ. लापशी रव्याचं पाणी दुधाळ झालं, आणि कण नखाने फोडला तर मधे पांढरा खडूसारखा ठिपका तसाच. गटासाठी ही चाचणी पुरेशी आहे. प्रयोगशाळेची गरज नाही.

२३ जून

आज पार्सली. इथे तिला बकदूनिस म्हणतात. आपल्या हॉटेलांत ताटाच्या कडेला शोभेला ठेवतात ती कुरळी, तब्बूलेला चपट्या पानांचीच लागते. कोथिंबिरीशी गफलत होईल इतकी सारखी दिसते. वास मात्र वेगळा, हिरवट आणि किंचित मिरमिरीत. सकाळी जुड्या आल्या त्या मुळाशी माती आणि पानांवर चिखलाचे शिंतोडे घेऊनच. धुण्याचं काम तेता दुसऱ्या कुणाला देत नाहीत.

त्याला कारण आहे. लितानीत गावोगावचं सांडपाणी सुटतं, आणि खोऱ्यातला बराच भाजीपाला त्याच पाण्यावर निघतो. गेल्या ऑक्टोबरात देशात कॉलऱ्याची साथ आली, १९९३ नंतर पहिल्यांदाच. तब्बूले म्हणजे सगळा कच्चा पाला, उकळी फुटेल असा टप्पाच त्यात नाही. जे काय व्हायचं ते धुण्यातच.

पहिलं पाणी मातीसाठी. मोठ्या टबात पाला खळबळायचा आणि वरच्यावर उचलून घ्यायचा. टब त्यावर रिता केला तर खाली बसलेली माती परत पाल्यावर. दुसऱ्या पाण्यात व्हिनेगर, त्यात थोडा वेळ बुडवून ठेवायचं. मग पिण्याचं पाणी, तळ स्वच्छ दिसेपर्यंत. सूनबाई म्हणाल्या, गेल्या हिवाळ्यात शेजारच्या दोन घरांनी तब्बूले करणंच सोडलं होतं. तेतांनी फक्त व्हिनेगर वाढवलं.

आणि मग वाळवणं, ज्याबद्दल पाककृतींत एक ओळ असते. झटकलेला पाला जुन्या चादरीवर पातळ पसरला, वरून दुसरी चादर, खोलीच्या खिडक्या उघड्या. सरकारी वीज मोजके तास असते, पंखा छतावरच्या सौरपट्ट्यांवर चालतो. मी वजनं घेतली. झटकून ठेवला तेव्हाचं एक किलो संध्याकाळी पाऊण किलोच्या थोडं वर भरलं. म्हणजे किलोमागे जवळजवळ पाव किलो पाणी नुसतं अंगावर बसलं होतं. वहीत पाण्याचा वेगळा रकाना आखला आहे.

२६ जून

सुरीचा दिवस. दिवसभर दुसरं काही झालं नाही आणि व्हायलाही नको होतं.

तेतांचा नियम: पान एकदाच कापायचं. मूठभर पार्सली घ्यायची, देठं एका बाजूला जुळवायची, जाड देठं छाटून रश्श्यासाठी बाजूला. उरलेली जुडी डाव्या मुठीत इतकी आवळायची की बोटांच्या फटीतून एकही पान डोकावू नये. सुरी नुकती धार लावलेली. ती वरून दाबायची नाही, ओढत न्यायची. प्रत्येक ओढीला केसाएवढा काप पडतो, मूठ तेवढीच मागे सरकते. कापलेल्या ढिगावर परत सुरी नाही. आपण कोथिंबिरीचा ढीग करून त्यावर सुरी झुलवतो, इथे तसं केलं की तेता मनगट धरतात. “या बिन्ती (अगं मुली), एकदाच.”

नियमामागचं कारण फळीवरच दिसतं. एका ओढीत कापलेल्या पार्सलीखालची फळी कोरडी राहिली. शेजारी मी मुद्दाम एक मूठ आपल्या पद्धतीने बारीक केली, तिच्याखाली फळीवर हिरवा ओला डाग पडला. चिरडलेल्या पेशींतला तो रस. रस बाहेर आला की पाला लवकर काळवंडतो, कडवटही लागतो. सूनबाईंनी मिक्सरकडे बोट दाखवून विचारून पाहिलं. तेतांनी उत्तर दिलं नाही.

पुदिना सगळ्यात शेवटी, कारण तो सगळ्यात आधी काळा पडतो. पानं एकावर एक रचून गुंडाळी करायची आणि पातळ काप. पातीचा कांदा बारीक चिरून त्याला चिमूटभर मीठ, मिरी आणि ‘सात मसाला’ बोटांनी चोळतात, कांद्याचा उग्रपणा त्याने उतरतो. सूनबाईंच्या माहेरी, बैरूतला, मसाला घालत नाहीत. या एका चिमटीवरून दोघींत दर वेळी दोन वाक्यं होतात.

टोमॅटो घट्ट पिकलेला, हरभऱ्याएवढ्या फोडी. चिरताना सुटलेला रस टाकायचा नाही, तो बुलगूरच्या वाट्याचा.

चौघांचं प्रमाण, वजन करून: निवडून चिरलेली पार्सली ३०० ग्रॅम, पुदिन्याची पानं ४० ग्रॅम, टोमॅटो ४०० ग्रॅम, पातीचे चार कांदे, बारीक बुलगूर ४० ग्रॅम, तीन लिंबांचा रस, ऑलिव्हचं तेल १०० मिली. मीठ चवीनुसार, पण आयत्या वेळी.

बुलगूरचा आकडा मी परत मोजून घेतला. ३०० ग्रॅम पाल्याला ४० ग्रॅम. जगभर ज्याला गव्हाचं सॅलड म्हणतात त्यातला गहू एवढाच.

मांडणी थरांची. पसरट भांड्याच्या तळाला बुलगूर, त्यावर टोमॅटो रसासकट आणि अर्धं लिंबू. मग कांदा, त्यावर पार्सली, सगळ्यात वर पुदिना. ढवळायचं नाही. झाकून अर्धा-पाऊण तास. खाली बुलगूर रस पितो, वर पाला कोरडा राहतो. पाहुणे बसले की उरलेलं लिंबू, तेल, मीठ आणि दोन्ही हातांनी हलकेच खालीवर.

१ जुलै

जुलैचा पहिला शनिवार. २००१ पासून लेबनॉनमध्ये हा तब्बूलेचा राष्ट्रीय दिवस. सुट्टी नाही, फक्त घरात, हॉटेलांत आणि परदेशी गेलेल्या लेबनीज मंडळींत त्या दिवशी तब्बूले होतं. ऑक्टोबर २००९ मध्ये बैरूतला ३,५५७ किलोंचं तब्बूले करून गिनीज विक्रम नोंदवला होता, त्याच सुमाराला हमुसचाही (काबुली चण्याची चटणी). हमुस नक्की कुणाचा यावरून इस्रायलशी चाललेल्या भांडणातला तो डाव होता. त्याआधी २००६ मध्ये रामल्लाच्या पॅलेस्टिनी लोकांनी १,५१४ किलोंचं केलं होतं. राजकारण समजतं. साडेतीन टनांच्या भांड्यात पाला कोरडा कसा ठेवला, हे मात्र कुणी सांगत नाही.

दुपारी बर्दौनी नदीकाठी जेवायला गेलो. झाहले इथल्या मेझ्झेसाठी (लहान बशांतले अनेक पदार्थ) आणि अरकसाठी (बडीशेपेच्या वासाची दारू) प्रसिद्ध. दोन्ही काठांना हॉटेलं, मधून पाणी वाहतं, आणि टेबलावर बशा येतच राहतात. तब्बूलेसोबत लेट्यूसची लांब पानं, कोबीचे कुरकुरीत द्रोण आणि द्राक्षवेलीची कोवळी पानं होती. पानात तब्बूले उचलून थेट तोंडात. काटा मागितला असता तर दिला असता, पण आजूबाजूला कुणी वापरत नव्हतं. वेलीचं पान आंबटसर, मला तेच आवडलं. खोरं द्राक्षांचंही आहे. जवळच्या क्साराला जेझुइट पाद्र्यांनी १८५७ मध्ये वाइन करायला सुरुवात केली.

झाहलेचा मुख्य रस्ता ब्राझीलच्या नावाने आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून इथली माणसं बोटींनी दक्षिण अमेरिकेला गेली आणि तब्बूले त्यांच्यासोबत गेलं. ब्राझीलमध्ये त्यात काकडी आणि लेट्यूस घालतात. डॉमिनिकन प्रजासत्ताकात तेच ‘तिपिले’ झालं. फ्रान्समधल्या दुकानांत डबाबंद मिळतं ते तर बहुतेक कुसकुसच (रव्याचे वळलेले बारीक कण), त्यात मनुका आणि ढोबळी मिरची. चवीला वाईट नसतं. पण त्यात पाला आपल्या कोथिंबिरीसारखा वरून भुरभुरलेला असतो, आणि इथून पाहिलं की ते पूर्ण उलटं दिसतं.

३ जुलै

ते उलटं का होतं, याचा आज ओट्यावर छडा लागला असं मला वाटतं.

दोन भांडी. माप तेच, पाला त्याच जुडीचा. पहिल्यात मीठ, लिंबू, तेल सगळं लगेच घालून कालवून ठेवलं. दुसऱ्यात थर लावून तसंच झाकलं. तासाने पहिलं भांडं तिरकं केलं तर कडेला हिरवं-लाल पाणी साचलं होतं, पाला बसला होता आणि रंग शेवाळी झाला होता. मिठाने पेशींतलं पाणी ओढून काढलं. लिंबाच्या आम्लाने हरितद्रव्यातला मॅग्नेशियम निघून जातो, म्हणून तो मळकट रंग. दुसरं भांडं कालवून लगेच वाढलं. पाला उभा, तळाला चमचाभर रस, आणि तोही तेतांनी पाव बुडवून संपवला.

मग तिसरं भांडं केलं, धुऊन नुसता झटकलेला ओला पाला घालून. मीठ शेवटी घालूनही तळाला पाणी आलंच. आता हॉटेलच्या स्वयंपाकघरात सकाळी केलेलं तब्बूले रात्री वाढायचं असेल, पाला ओला असेल, तर आचारी काय करेल? बुलगूरची आणखी एक मूठ टाकेल. तो पाणी पिईल, भांडं कोरडं दिसेल, आणि बुलगूर पार्सलीपेक्षा स्वस्तही पडतो. दुसऱ्या दिवशी दोन मुठी. अशा रीतीने गहू वाढत जातो. लोकांची आवड बदलली म्हणून नव्हे, पाला वाळवायला वेळ नाही म्हणून. सूनबाईंना हे पटलं. तेता म्हणाल्या, यात शोधण्यासारखं काय होतं.

गटाच्या कामाचा मुद्दा असा की बुलगूरची खरी परीक्षा तो किती पाणी पितो आणि पिऊनही दाणा सुटा राहतो का, यातच आहे. लगदा झाला तर नापास.

१५ जुलै, अंजर

झाहलेहून फार लांब नाही. उमय्या खलिफांच्या काळातल्या (आठवं शतक) शहराचे अवशेष इथे आहेत, १९८४ पासून जागतिक वारशाच्या यादीत. आम्ही आलो ते शेजारच्या आर्मेनियन गावासाठी. १९३९ मध्ये अलेक्झांड्रेटाचा प्रांत तुर्कस्तानात गेला तेव्हा मूसा डोंगरावरची आर्मेनियन गावंच्या गावं इथे येऊन वसली.

त्यांच्याकडे ‘ईच’ करतात. कांदा तेलात परतून, टोमॅटोची पेस्ट आणि पाणी घालून, त्यात बारीक बुलगूर फुगवतात. पार्सली वरून. लाल, घट्ट, हाताने मुटके वळता येतात. तुर्की ‘किसिर’ही याच घरातला, त्यात मिरचीची पेस्ट. इथे गहूच मुख्य आहे आणि तो तसा असण्यात काही चुकत नाही, कारण पाणी मोजून घातलेलं असतं. ईचवर माझा काही आक्षेप नाही, आक्षेप तब्बूले म्हणून वाढलेल्या ईचवर.

वाढणाऱ्या बाईंनी एक कामाची गोष्ट सांगितली. त्यांचे नातेवाईक तुर्कस्तानातून ‘सियेझ’ बुलगूर मागवतात. तो कस्तमोनू भागातला, एकबिजी प्राचीन गव्हाचा. कार्सकडे ‘काविल्जा’चा बुलगूर होतो, आणि काविल्जा म्हणजे आपली खपलीच. सालीत घट्ट बसलेल्या गव्हाचा बुलगूर होतो का, या गटाच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर हो. पिढ्यान्‌पिढ्या होतो आहे.

४ ऑगस्ट

आज सगळं बंद. २०२० मध्ये याच दिवशी बैरूत बंदरात २,७५० टन अमोनियम नायट्रेटचा स्फोट झाला, दोनशेहून जास्त माणसं गेली. बंदरातली धान्याची कोठारं, क्षमता सुमारे १,२०,००० टन, अर्धी कोसळली. गेल्या उन्हाळ्यात उरलेल्यातलाही काही भाग आतल्या कुजणाऱ्या धान्याच्या आगीने पडला. टीव्हीवर तीच दृश्यं. तेतांनी आवाज बंद करून टीव्ही चालू ठेवला.

पावाचा मऊ गहू इथे बाहेरून येतो, बराचसा युक्रेनमधून. त्यामुळे तिथे युद्ध पेटल्यावर २०२२ मध्ये बेकऱ्यांपुढे रांगा लागल्या. बुलगूरचा कडक गहू मात्र खोऱ्यातलाच. सलमूनी नावाची जुनी जात बुलगूरसाठी नावाजलेली होती, तेता अजून तिचं नाव काढतात. घरोघरी वर्षाची बेगमी करायची पद्धत आहे, तिला ‘मूने’ म्हणतात: बुलगूर, टोमॅटोची पेस्ट, ऑलिव्ह, वाळवलेला पुदिना. त्या वर्षी ज्यांच्या माळ्यावर मूने होतं त्यांचं निभावलं.

इथून जवळ तर्बोलला इकार्डाचं केंद्र आहे. कोरडवाहू शेतीवर संशोधन करणारी ही आंतरराष्ट्रीय संस्था सीरियात अलेप्पोजवळ होती, युद्धामुळे तिथून बाहेर पडावं लागलं. २०१५ मध्ये त्यांनी नॉर्वेतल्या स्वालबार्डच्या बीजकोठारातून आपलंच बियाणं परत मागवलं. त्या कोठारातून बियाणं काढण्याची ती पहिलीच वेळ. तर्बोल आणि मोरोक्कोत ते वाढवून पुढे स्वालबार्डला परत भरलं. खपलीच्या रानटी पूर्वजाचा माग १९०६ मध्ये ॲरन ॲरनसन या कृषिशास्त्रज्ञाला गॅलिलीतल्या रोश पिना इथे लागला, आणि नंतर हर्मोन पर्वताच्या उतारावर तो आणखी सापडला. हर्मोन खोऱ्याच्या दक्षिण टोकाला दिसतो. सांगलीच्या पिशवीतली खपली मूळची याच बाजूची.

९ सप्टेंबर

सकाळी अंगणात मोठं तांब्याचं भांडं चढलं. खाली लाकडं. गहू आधी चाळून, निवडून, धुऊन घेतलेला. पाणी गव्हाच्या वर चांगलं वीतभर. उकळी आली की आच मंद, आणि लाकडी वल्ह्याने तळापासून ढवळत राहायचं.

केव्हा थांबायचं, हे कळीचं. तेता दर थोड्या वेळाने दोन दाणे उचलून नखाने चिरतात. मधे पांढरा ठिपका दिसला तर अजून. ठिपका गेला, दाणा सगळीकडून एकसारखा पिवळसर आणि पोटाशी नुकती फट पडली, की लगेच उतरवायचं. उमलून फुलला तर उशीर झाला. वाळल्यावर तो भुसभुशीत होतो आणि भरडताना पीठ पडतं. घड्याळाची वेळ मी लिहून घेतली आहे, पण गटाला ती देणार नाही. गहू बदलला, भांडं बदललं की ती निकामी. नखाची खूण पुरते.

उकडलेल्या गव्हाला ‘सलीका’ म्हणतात. वाट्यांत भरून, वर साखर आणि अक्रोड घालून शेजारीपाजारी देतात. गल्लीतली पोरं हातात वाट्या घेऊनच उभी होती.

मग आपली खपली, वेगळ्या पातेल्यात. ती लवकर शिजली. सडताना टोकं मोडलेले दाणे आधीच फुटून पाणी घट्ट करू लागले, अख्खे दाणे मात्र सुरेख राहिले. गच्चीवर दोन चादरी पसरल्या, एकीवर इथला, एकीवर आपला.

१३ सप्टेंबर

वाळला. दिवसातून बऱ्याचदा हाताने उलथापालथ, रात्री दव पडायच्या आत गोळा करणं, चिमण्यांना हाकलणं. दाणा दातांत कट्‌कन मोडतो. गिरणीत नेण्याआधी पाण्याचा हलका हबका मारून चोळला, म्हणजे सैल झालेली साल निघते. पाखडून परत थोडा वाळवला. गिरणीवाल्याने दगडांतलं अंतर बदलून खपलीची छोटी घाणी वेगळी काढून दिली. तीन चाळण्या: जाड, बारीक, आणि खाली पीठ. खपलीचं पीठ इथल्या गव्हापेक्षा जास्त पडलं, ते त्या मोडक्या दाण्यांमुळे. रंग गडद, वास किंचित भाजक्या दाण्याचा.

१७ सप्टेंबर

खपलीच्या बुलगूरचं तब्बूले. टोमॅटो अजून उन्हाळ्यातलेच, जड आणि रसाळ. माप जूनमधलंच, ३०० ला ४०. थर लावले, झाकलं. अर्ध्या तासाने तळातून एक चमचा काढून बघितला: दाणा मऊ, मधे ठिपका नाही, पण इथल्या बुलगूरपेक्षा थोडा चिवट. पाऊण तासाने चिवटपणा गेला. कालवल्यावर दाणे सुटे. वीस मिनिटं वाडग्यात ठेवून पाहिलं, लगदा नाही. पास.

तेतांचं मत: चव चांगली, रंग काळा. तब्बूलेत त्या पांढराच घालतील. किब्बेत मात्र हाच हवा. सूनबाईंनी दुसऱ्यांदा घेतलं.

२० सप्टेंबर

गटाला आज पाठवलेल्या पत्रातला कामाचा भाग:

सडण्याचं यंत्र आधी सुधारा. मोडका दाणा उकडण्याआधीच चाळून काढा, त्याचा रवा वेगळा विका. बुलगूरला अख्खाच दाणा हवा. उकडण्याची खूण नखाची, घड्याळाची नाही. वाळवणाचा हंगाम आपल्याकडे मार्च ते मे. गहू फेब्रुवारी-मार्चमध्ये निघतो आणि वळवाचा पाऊस सुरू व्हायच्या आत उन्हाचे दिवस हातात असतात, तेवढ्यात उरकायचं. गच्चीवर ताडपत्री नको, घाम धरते. धुतलेली सुती चादर घ्या. पहिली घाणी दहा-वीस किलोंच्या वर जाऊ देऊ नका.

विकताना बारीक आणि जाड वेगळं. पाकिटावर पाककृती छापायची असेल तर बारीकवर तब्बूले छापा, पण पार्सली महाग म्हणून कोथिंबीर आणि दुप्पट बुलगूर असं लिहू नका. तसं खायला हरकत नाही, फक्त त्याला दुसरं नाव द्या. आणि पाला वाळवण्याची ओळ ठळक अक्षरांत.

पेल्यातली गार पाण्याची चाचणी प्रत्येक घाणीवर करा. पांढरा ठिपका दिसला तर ती घाणी बुलगूर म्हणून जाणार नाही, लापशी रवा म्हणून जाईल.

उरलेला खपलीचा बुलगूर तेतांनी बरणीत भरून मूनेच्या फळीवर ठेवला आहे. किब्बे रविवारी.